फलक समोशाचा, प्रश्न मनाचा

सरकारी कार्यालयांत पदार्थांतील तेल-साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावा, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२५ मध्ये सुचवले. जुलैत नागपूरच्या एम्सचे नाव घेत समोसा-जिलेबीची चर्चा देशभर रंगली. शेवटी विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापायचे नाहीत, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला.

फलकांना माझा विरोध नाही. पण आमच्या ओपीडीत वजनाची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना गोड-तळलेले वाईट, हे पाठच असते. तरीही रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडतो. तो का उघडतो, हे फलकावर लिहिता येत नाही.

ताण दीर्घकाळ राहिला की शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि गोड, तेलकट खाण्याची ओढ लागते. झोप अपुरी पडली की भूक चाळवणारे घ्रेलिन वाढते, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन घटते. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला किंवा परिचारिकेला ‘जिभेवर ताबा ठेवा’ सांगणे म्हणूनच अर्धवट सल्ला आहे. (आमचे निवासी डॉक्टर पहाटे तीनला काय खातात, ते विचारू नका!)

नैराश्य आणि लठ्ठपणा यांचे नाते दुहेरी आहे. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी १५ अभ्यास एकत्र तपासले. लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त दिसली, तर नैराश्यग्रस्तांना लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी. त्यात लग्नकार्यातले टोमणे, कधी डॉक्टरांचेही. लाज वाटली की माणूस दवाखाना टाळतो, खाणे मात्र लपून चालू राहते.

अल्पावधीत भरमसाट खाणे, हात न थांबणे आणि नंतर अपराधी वाटणे, असे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने घडत असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. अशा रुग्णाला कडक उपासाचा तक्ता देणे उलटू शकते. त्याला समुपदेशनाचा उपयोग होतो.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात आली. ती भूक खरोखर कमी करतात, योग्य रुग्णाला ती जरूर द्यावीत. पण बंद केल्यावर अनेकांचे वजन पुन्हा वाढते, आणि घरातली भांडणे किंवा एकटेपणा त्यांनी जात नाही.

म्हणून वजनकाट्यासोबत डॉक्टरांनी झोप, मनःस्थिती आणि चालू औषधेही विचारावीत. ओलान्झापिनसारख्या मनोविकाराच्या काही औषधांनी वजन वाढते. ती रुग्णाने परस्पर बंद करू नयेत, पर्याय डॉक्टरांना विचारावा. मनावरचा भार कोणाशी बोलावा हे सुचत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.