मैदानावर आधी कोण येतं?

'तुझं सीईपी कुठे चाललंय?' कॉलेज रोडवरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हल्ली हा प्रश्न कानावर पडतो. सीईपी म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट. नव्या शैक्षणिक धोरणात समाजात जाऊन काम केलं की क्रेडिट मिळतात. एनएसएस तर त्याच्याही कितीतरी आधीची, २४ सप्टेंबर १९६९ ला गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. तास भरले, फोटो काढले, फाइल जमा केली, सुटलो!

यात वाईट काही नाही. लावणाऱ्याला क्रेडिट मिळालं म्हणून झाड खुरटत नाही. पण तास संपले की आपण निघून येतो. मग तिथे मागे थांबतं कोण?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. नाशिकरोडच्या जेलपर्यंत गेलं तरी पुरे.

१९३३ च्या सुमाराला सविनय कायदेभंगात पकडलेले बरेच तरुण या जेलमध्ये होते. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे. बहुतेक सगळे विशीतले किंवा नुकती तिशी गाठलेले. अशोक मेहता तर एकवीस-बावीसचे, म्हणजे आपल्याच वयाचे. वाचायचं, वाद घालायचा, परत वाचायचं. सिलॅबस नाही, परीक्षा नाही, हजेरी मात्र सक्तीची! या चर्चांमधूनच पुढे १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला.

साने गुरुजीही याच जेलमध्ये होते. त्याआधी १९३२ मध्ये ते धुळ्याच्या जेलमध्ये होते. तिथे विनोबा गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते उतरवून घ्यायचे. आज आपल्याला 'गीता प्रवचने' वाचायला मिळतात ती त्यामुळे. मग नाशिकला, फेब्रुवारी १९३३ मध्ये, जेमतेम पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढलं. हे पुस्तक म्हटलं की आपल्याला आई आठवते आणि रडू आठवतं. पण त्याची मांडणी पुन्हा एकदा बघा. रात्र पहिली, रात्र दुसरी, रात्र तिसरी... संध्याकाळची प्रार्थना झाली की आश्रमातली मित्रमंडळी गोल करून बसतात, गावातली माणसंही येतात आणि श्याम बोलतो. दिवसभर काम, रात्री गप्पा, दुसऱ्या दिवशी परत तेच. एखाद्या युवा संघटनेचं वेळापत्रकच आहे हे. आपण आईसाठी रडलो आणि तो गोल करून बसलेला घोळका मात्र आपल्या नजरेतून सुटला.

पुढे ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल नव्याने उभं राहिलं आणि एसेम त्याचे दलप्रमुख झाले. मैदानावर शाखा भरवून तरुणांना बांधून घेण्याची पद्धत तेव्हा नवी नव्हती. संघ १९२५ पासून ते करतच होता. या मंडळींना शाखा हवी होती, पण जात-धर्म न पाहणारी आणि मुलामुलींना एकत्र खेळवणारी. १९४१ साली मुलींनी मुलांबरोबर मैदानावर येणं म्हणजे घरोघरी केवढा गहजब झाला असेल, विचार करा. संध्याकाळी खेळ, लेझीम, गाणी, मग एखाद्या विषयावर बौद्धिक. सुट्टीत शिबिर. कलापथक घेऊन गावोगाव जायचं. गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण सुरू केलं, त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. तेव्हा सेवा दलाचं कलापथक त्यांच्याबरोबर फिरत होतं. नंतर याच कलापथकात निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके घडले. मृणाल गोरे डॉक्टरकीचं शिक्षण सोडून सेवा दलाच्या कामात उतरल्या. मुंबईने पुढे त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखलं.

ही नावं गुगलवर सापडतात. मला कुतूहल आहे ते न सापडणाऱ्यांचं. मैदानावर सगळ्यांच्या आधी येऊन चुन्याच्या रेघा कोणी मारल्या? लेझीम कोणाच्या घरी ठेवलेले असायचे? दोन दिवस न आलेल्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांशी कोण बोलायचं? शाखा चालते ती या माणसामुळे. बौद्धिक द्यायला बाहेरून पाहुणा आणता येतो, रेघा मारायला नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच नाशिकचं आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नाव आपल्याला माहीत असतं. पण तो लढा पाच वर्षं चालला आणि त्या काळात बाबासाहेब कधी मुंबईत, कधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला. इथे रोजचा गाडा ओढणारा माणूस होता दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा, भाऊराव गायकवाड. पुढे त्यांना सगळे दादासाहेब म्हणू लागले. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते तिशीच्या आतले होते. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. मिळाली तर जरूर वाचा. एवढा मोठा लढा लांबून चालवायचा तर जागेवर कोणावर तरी किती विसंबावं लागतं, ते त्यांत दिसतं.

आता दुसरी बाजू. अशा संघटनांच्या गोष्टी सांगताना 'त्याग' हा शब्द आपण फार पटकन वापरतो. एक जण पूर्णवेळ कार्यकर्ता झाला की त्याचं घर दुसरं कोणीतरी चालवत असतं, बहुतेक वेळा घरातली बाई. तिचा फोटो कुठल्याच स्मरणिकेत नसतो. शिवाय सगळं एकाच माणसावर उभं असेल तर त्याला पुण्याला नोकरी लागली की शाखा बंद. नाशिकमधून दरवर्षी किती जण पुण्या-मुंबईला जातात ते तुम्हाला माहीत आहेच, कदाचित पुढच्या वर्षी तुम्हीही त्यांत असाल. म्हणून 'सगळं सोडून झोकून द्या' असं मी म्हणणार नाही. ते कोणाला परवडतं आणि कोणाला नाही, हेही बघायला हवं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण'ने यावर वेगळा मार्ग काढला. साधारण १८ ते २८ वयाच्या मुलामुलींची शिबिरं. तिथे प्रश्न असा की तुझं शिक्षण, तुझं कौशल्य समाजाच्या कुठल्या प्रश्नाला लावशील? डॉक्टर असशील तर डॉक्टर म्हणूनच ये. या शिबिरांतून गेलेल्या अनेक तरुण डॉक्टरांनी ग्रामीण भागात जाऊन काम केलं. म्हणजे पोट भरायचं काम आणि समाजाचं काम एकच झालं. मला हे जास्त टिकाऊ वाटतं.

पण सगळ्यांना गडचिरोलीला जाता येणार नाही. इथे काय करता येईल? माझं कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडे एक साधं मागणं आहे. क्रेडिट जरूर द्या, पण दर सेमिस्टरला नवी वस्ती आणि नवी फाइल हा प्रकार थांबवा. एक गट, एक वस्ती, तीन वर्षं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्यांना हाताखाली घ्यायचं, माणसांची ओळख करून द्यायची, आणि मग जायचं. म्हणजे एक जण पुण्याला गेला तरी लेझीम कुठे ठेवलेत ते दुसऱ्याला माहीत असेल. आठवड्यातून एक संध्याकाळ कॉलेजातली एक खोली उघडी ठेवा आणि तिची किल्ली विद्यार्थ्यांकडे द्या.

आणि तुमच्यासाठी एक काम. बऱ्याच कॉलेजांत एनएसएसच्या दत्तक गावाचं नाव बोर्डावर लिहिलेलं असतं. ते वाचा आणि यंदाचं शिबिर ठरायच्या आत प्रोग्राम ऑफिसर सरांना किंवा मॅडमना विचारा, 'आपण तिथे शेवटचं कधी गेलो होतो?'