यादी कोणी बदलली?

घाटकोपरच्या आमच्या वस्तीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा मंडळाने घराघरांतून कागद गोळा केले. खोलीधारकांची यादी कॉम्प्युटरवर आम्हीच टाईप केली. पुढे एकाने आडनाव सुधारले, दुसऱ्याने खोली नंबर, तिसऱ्याने ‘फायनल’ नावाची फाईल केली, चौथ्याने ‘फायनल नवीन’. सभेत यादी वाचली तर एका विधवा मावशींचे नावच नाही! कोणी काढले, केव्हा, कशावरून, कोणी सांगेना. मावशी एवढेच म्हणाल्या, “बाबा, कागद तर मी तुझ्याच हातात दिला होता.”

आमचा भाचा अंधेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो म्हणाला, “मामा, आमच्याकडे असे झाले तर पाच मिनिटांत सापडते.” मग त्याने समजावून सांगितले, ते असे.

एका प्रोग्रामवर पन्नास माणसे काम करतात. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा वेगळा प्रोग्राम असतो. त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. बदल कोणी केला, कोणत्या तारखेला, कशासाठी, हे त्यात राहते आणि जुनी प्रत कधीही परत काढता येते. १९७२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी असा पहिला नावाजलेला प्रोग्राम केला. तेव्हा पद्धत वाचनालयासारखी होती. एकाने फाईल नेली की ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचे. पुढे सगळ्यांनी एकदम काम करून बदल जुळवण्याची रीत आली. दोघांनी एकच ओळ बदलली तर मशीन थांबते आणि कोणती ठेवायची ते माणसालाच विचारते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये सुरू केलेला ‘गिट’ आज सर्वत्र चालतो. तो फुकट मिळतो, आणि प्रत्येकाकडे सगळ्या इतिहासाची पूर्ण प्रत राहते.

वाचकहो, ही रीत आपल्याला परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत मसुद्याचा चोख हिशेब दिला होता. घटना सल्लागारांच्या मसुद्यात २४३ कलमे, मसुदा समितीच्या पहिल्या मसुद्यात ३१५, चर्चेअखेर ३८६ आणि शेवटी ३९५. दुरुस्त्या आल्या सुमारे ७,६३५, सभागृहात मांडल्या गेल्या २,४७३. कोणी काय मांडले, त्याला काय उत्तर मिळाले, ते कामकाजाच्या खंडांत आजही वाचता येते.

नोंद नीट असली तरी कोणती प्रत कोठे चालू आहे, हेही पाहावे लागते. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्राम बसवायचा राहिला. पाऊण तासात कंपनीचे ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

नव्याने नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही ठिकाणी सगळे एकाच लॉगिनने काम करतात, आणि मग चूक झाली की सर्वांत नव्या, कंत्राटी पोराच्या माथी मारली जाते. नाव वेगळे मागून घ्यावे. बदलाचे कारणही स्पष्ट लिहावे; ‘दुरुस्ती केली’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. आणि पासवर्ड त्यात चुकूनही टाकू नये. नंतर पुसला तरी जुन्या प्रतीत तो राहतोच.

मावशींचे काय झाले? आम्ही पहिली फाईल जुन्या ईमेलमधून शोधून काढली. त्यांचे नाव त्यात होते. त्याच आडनावाच्या शेजारणीमुळे कोणीतरी ‘दुबार’ समजून ओळ उडवली होती. चूक उडवणाऱ्याची, पण मूळ प्रत बाजूला न ठेवण्याची चूक आमची. नाव परत लागले. आता यादीला तीन रकाने जास्त आहेत : तारीख, बदल करणाऱ्याचे नाव, कारण. मावशींना वाचता येत नाही. तरी दर सभेला त्या आपल्या ओळीवर बोट ठेवून दाखवायला लावतात.