यूजीसीनं जर्नल्सची यादी बंद केली, मग आता रिसर्च पेपर पाठवायचा कुठं?

२०१४ सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियातले कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक पीटर वॅम्प्ल्यू यांना एका जर्नलचे सारखे मेल यायचे, आमच्याकडं पेपर पाठवा म्हणून. शेवटी वैतागून त्यांनी एक पेपर पाठवून दिला. तो त्यांचा नव्हताच. २००५ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी अशाच मेलना कंटाळून चेष्टेत लिहिलेला तो पेपर होता. दहा पानं, आणि सगळ्या पानांवर एकच वाक्य. मला तुमच्या मेलिंग लिस्टमधून काढा, आणि सोबत एक शिवी. आलेख आणि आकृत्या होत्या, त्यातही तेच वाक्य.

जर्नलचं नाव होतं इंटरनॅशनल जर्नल ऑफ ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी. त्यांनी पेपर मंजूर केला. तपासणाऱ्यानं 'उत्कृष्ट' असा शेरा दिला आणि छापण्यासाठी १५० डॉलर मागितले. वॅम्प्ल्यू यांनी पैसे भरले नाहीत, म्हणून पेपर छापला गेला नाही. जर्नलची अट तेवढीच होती.

किस्सा हसण्यासारखा आहे. पण भारतात एमटेक किंवा पीएचडी करणाऱ्या पोरांसाठी हा विषय चेष्टेचा राहिलेला नाही. कारण कोणतं जर्नल खरं आणि कोणतं दुकान, हे सांगणारी सरकारी यादीच आता नाही.

यादी आली कशी आणि गेली कशी?

२००९ आणि २०१६ च्या यूजीसीच्या नियमांनुसार पीएचडीचा प्रबंध जमा करण्याआधी किमान एक पेपर जर्नलमध्ये छापून येणं सक्तीचं होतं. प्राध्यापकांच्या बढतीसाठीही पेपरचे गुण मोजले जायचे. सक्ती आली की मागणी वाढते, आणि मागणी वाढली की दुकानं उघडतात. इथंही तेच झालं.

मग यूजीसीनं मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली. विद्यापीठांनी जी नावं सुचवली ती त्यात गेली. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नावांची तपासणी करून 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कोणत्याही नामांकित डेटाबेसमध्ये नसलेल्या जर्नल्सपैकी ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स सुमार दर्जाची असू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं यादीतून ४,३०५ जर्नल्स एका झटक्यात काढून टाकली.

त्यानंतर आली यूजीसी-केअर यादी. तिचं काम पुण्यातून, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. २०१९ पासून ही यादी म्हणजे पीएचडीच्या पोरांसाठी शेवटचा शब्द झाली. गाईडचा पहिला प्रश्न असायचा, 'केअरमध्ये आहे का?'

पण तक्रारी थांबल्या नाहीत. एकाच केंद्रातून सगळा कारभार, नावं घालायला आणि काढायला लागणारा वेळ, भारतीय भाषांमधली चांगली नियतकालिकं बाहेर राहणं असे आक्षेप होते. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं. यादीऐवजी काही निकष सुचवले आणि सांगितलं की, विद्यापीठांनी आणि संशोधकांनी आपापलं ठरवावं.

म्हणजे निवडीची जबाबदारी आता पेपर लिहिणाऱ्यावर आली.

खऱ्या जर्नलमध्ये पेपर कसा जातो?

फसवणूक ओळखायची असेल तर आधी खरी पद्धत माहीत पाहिजे.

पहिली पायरी म्हणजे जर्नलचा विषय बघणं. जर्नल वायरलेस नेटवर्कचं असेल आणि पेपर इमेज प्रोसेसिंगचा असेल, तर काम कितीही चांगलं असलं तरी संपादक पहिल्याच टप्प्यावर परत पाठवतो. बरेच पेपर इथंच गळतात.

दुसरी पायरी, जर्नलनं दिलेल्या साच्यात हस्तलिखित बसवणं. पानांची मर्यादा, आकृत्या, संदर्भ देण्याची पद्धत, सगळं ठरलेलं असतं. मग जर्नलच्या ऑनलाइन यंत्रणेतून पेपर जमा होतो. खरं जर्नल सहसा व्हॉट्सॲपवर पेपर मागत नाही.

तिसरी पायरी, मजकुराची उचलेगिरी तपासली जाते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर पीएचडीची नोंदणीच रद्द होऊ शकते.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची, पीअर रिव्ह्यू. त्याच विषयातले दोन-तीन जाणकार पेपर वाचतात आणि चुका काढतात. प्रयोग पुन्हा करा, जुन्या पद्धतीशी तुलना दाखवा, हा दावा सिद्ध होत नाही, असे शेरे येतात. लेखकानं प्रत्येक शेऱ्याला मुद्देसूद उत्तर द्यायचं असतं. हे जाणकार सहसा फुकट काम करतात आणि त्यांची स्वतःची नोकरी सांभाळून करतात, त्यामुळं महिने जातात. कधी वर्षही जातं.

यात दोन नियम पक्के लक्षात ठेवायचे. एकच पेपर एका वेळी दोन जर्नल्सकडं पाठवता येत नाही. आणि एआय टूलचं नाव लेखक म्हणून देता येत नाही. आयईईईसारख्या संस्था तर एआयकडून मजकूर लिहून घेतला असेल तर ते पेपरमध्ये नमूद करायला सांगतात.

मग दुकान ओळखायचं कसं?

पहिली खूण म्हणजे वेळ. तीन दिवसांत मंजुरी, सात दिवसांत प्रकाशन अशी जाहिरात असेल, तर पेपर कुणी नीट वाचणार नाही हे उघड आहे.

दुसरी खूण म्हणजे नंबरांचा दिखावा. आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. डीओआयचंही तसंच. इम्पॅक्ट फॅक्टर दर वर्षी क्लॅरिव्हेट ही कंपनी जाहीर करते. दुसऱ्याच कुठल्या नावाच्या संस्थेनं दिलेला 'इम्पॅक्ट फॅक्टर' वेबसाइटवर मिरवला असेल तर सावध व्हायचं.

तिसरी खूण म्हणजे पैसे. पण इथं गल्लत होते. पैसे घेणारं प्रत्येक जर्नल बोगस नसतं. ओपन ॲक्सेस जर्नल्समध्ये वाचक फुकट वाचतो आणि खर्च लेखक किंवा त्याची संस्था उचलते. उलट अनेक नामांकित जर्नल्समध्ये सबस्क्रिप्शनचा मार्ग निवडला तर लेखकाला शुल्क द्यावं लागत नाही, फक्त ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पानं झाली की काही ठिकाणी त्याचे पैसे पडतात. पैसे घेऊन पेपर तपासला जातो की नाही, हा खरा प्रश्न.

चौथी फसवणूक सगळ्यात धोकादायक, नक्कल केलेली वेबसाइट. नाव खऱ्या जर्नलचं, आयएसएसएन खरा, पण साइट भामट्यांची. म्हणून 'आम्ही स्कोपसमध्ये आहोत' या जर्नलच्या दाव्यावर विसंबायचं नाही. स्कोपसच्या स्वतःच्या यादीत जाऊन बघायचं आणि प्रकाशकाच्या मूळ साइटवरूनच जर्नल उघडायचं. स्कोपसमधूनही जर्नल्स काढली जातात, त्यामुळं दोन वर्षांपूर्वीची माहिती चालत नाही.

मोठं नाव म्हणजे खात्री का?

नाही. २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या दोन बड्या प्रकाशकांना मिळून १२० हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले होते. हे पेपर एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये गंमत म्हणून बनवलेल्या एका सॉफ्टवेअरनं लिहिलेली निव्वळ बडबड होती. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशनाचे ८,००० हून जास्त पेपर मागे घेतले गेले. हिंदावी तेव्हा वायली या जुन्या, नामांकित कंपनीच्या मालकीचं होतं.

दुसऱ्या बाजूला, हैदराबादच्या ओमिक्स ग्रुपला अमेरिकेतल्या न्यायालयानं २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. पीअर रिव्ह्यू आणि शुल्काबाबत संशोधकांची दिशाभूल केल्याचं प्रकरण होतं.

चुकीच्या ठिकाणी पेपर गेला तर काय?

पैसे जातात, हे सगळ्यात छोटं नुकसान. खरं नुकसान कामाचं होतं. एकदा छापलेला पेपर चांगल्या जर्नलला पुन्हा देता येत नाही. मागे घ्यायला गेलं तर ही दुकानं उत्तर देत नाहीत किंवा त्याचेही पैसे मागतात. दोन-तीन वर्षं प्रयोगशाळेत घालवून मिळवलेला निकाल अशा ठिकाणी अडकतो, जिथं तो कुणी वाचत नाही. पुढं नोकरीच्या मुलाखतीत तेच नाव बायोडेटावर अडचणीचं ठरतं.

यात पहिल्या पिढीतल्या संशोधकाला सगळ्यात जास्त फटका बसतो. मोठ्या संस्थेत सीनियर सांगतात, कुठं पाठवायचं आणि कुठं नाही. तालुक्याच्या कॉलेजमधल्या पोराकडं असतो फक्त इनबॉक्समध्ये आलेला तो गोड मेल, 'आदरणीय संशोधक' असं म्हणणारा.

२०२२ च्या नियमांत यूजीसीनं पीएचडीसाठी पेपरची देशव्यापी सक्ती काढली. तरी विद्यापीठं स्वतःच्या अटी ठेवू शकतात, आणि नोकरीसाठी, बढतीसाठी पेपर अजूनही मोजले जातातच. जोवर पेपर किती हे विचारलं जाईल आणि पेपरात काय हे विचारलं जाणार नाही, तोवर ही दुकानं चालू राहणार.

तोवर एक साधी कसोटी हाताशी असू द्यावी. तुमच्या पेपरात ज्या पेपरांचे संदर्भ दिलेत, ते कोणत्या जर्नल्समध्ये छापून आलेत ते बघा. पाठवायचं ठरवलेलं जर्नल त्यात एकदाही नसेल, गाईडनं त्यातलं काही वाचलेलं नसेल, आणि तरीही ते सात दिवसांत छापून द्यायला तयार असेल, तर पैसे भरण्याआधी थांबलेलं बरं.