लेझरनंतरचा रुग्ण आणि आपण

चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी लेझर शस्त्रक्रिया करून घेणारे तरुण आता बीड जिल्ह्यातल्या आपल्या चिकित्सालयांतही दिसू लागले आहेत. पोलीस वा सैन्यभरतीची तयारी आणि लग्नाची बोलणी ही त्यामागील नेहमीची कारणे. शस्त्रक्रिया पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास होते. नंतरच्या तक्रारी मात्र गावच्या वैद्याकडे आणि औषधी दुकानदाराकडे येतात. हा विषय आपला नव्हे, असे म्हणून चालणार नाही.

माझ्या पुतण्याने तीन वर्षांपूर्वी लॅसिक करून घेतले. उणे चारचा नंबर गेला आणि तो आजही समाधानी आहे. परंतु पहिले चार-पाच महिने डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचत असे. रात्री मांजरसुंब्याच्या घाटात समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसत. लॅसिकमध्ये बुबुळावरील पारदर्शक पटलाचा पातळ पापुद्रा उचलतात, खालचा थर एक्सायमर लेझरने झिजवितात व पापुद्रा पुन्हा बसवितात. पटलाची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यातील सूक्ष्म चेतातंतू छेदले गेल्याने अश्रुस्राव मंदावतो. बहुतेकांत तो सहा महिने ते वर्षभरात सुधारतो.

अशी लक्षणे ऐकताच आपणांस शुष्काक्षिपाक आठवतो आणि हात घृताकडे जातो. तेथेच थांबावे. पापुद्रा नीट बसलेला नसताना तर्पण, अंजन, मध किंवा गुलाबजल डोळ्यांत घालणे धोक्याचे आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत पादाभ्यंग, निद्रा आणि अग्निबल पाहून पोटातून घृत, एवढ्यावर समाधान मानावे.

औषधी दुकानदार बंधूंनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. शस्त्रक्रियेनंतर दिलेले स्टेरॉइडचे थेंब लाली चटकन घालवितात, म्हणून रुग्ण रिकामी बाटली दाखवून तीच पुन्हा मागतो. चिठ्ठीशिवाय ती देऊ नये. या थेंबांनी डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आणि लेझरने पटल पातळ झाल्यामुळे यंत्रावर तो दाब प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो.

आपल्या जिल्ह्यातील आणखी एक प्रश्न शहरातील माहितीपत्रकांत सापडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मुलाने लॅसिक केले आणि फडात उसाचे पान डोळ्यावर सपकन बसले, तर काही वर्षांनंतरही पापुद्रा सरकू शकतो. कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांचेही तेच. पापुद्रा न उचलता करावयाची पीआरके ही पद्धत आहे. तीत सुरुवातीस वेदना अधिक आणि दृष्टी सावकाश स्थिरावते, तरी अशांना तीच योग्य, असे माझे मत आहे. सल्ला विचारावयास येणाऱ्यास आपला व्यवसाय डॉक्टरांना आधी सांगावयास लावावे. भरतीच्या उमेदवाराने त्या दलाचे वैद्यकीय नियम प्रथम वाचावेत. सैन्यदलांत शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ लोटण्याची आणि पटलाच्या किमान जाडीची अट असते.

‘थेंबांनी चष्मा उतरवितो’ अशा पाट्या आपल्यापैकीही काहींच्या दारावर आहेत. लघुदृष्टी बहुधा नेत्रगोल लांबल्याने होते. कोणतेही थेंब तो आखूड करीत नाहीत. ज्या शास्त्राने 76 नेत्ररोग वेगवेगळे ओळखले, त्याच्या नावावर हे विकले जावे, हे मला लाजिरवाणे वाटते.

लेझर झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर शस्त्रक्रियेचे वर्ष लिहावे आणि पूर्वीचा नंबर व पटलाची मापे असलेला कागद जपून ठेवण्यास त्यास बजावावे. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाची शक्ती ठरविताना तो उपयोगी पडतो.