वाहनपूजा आणि विभीषणाचा धर्म

विजयादशमीच्या दिवशी शस्त्रपूजन करण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. एके काळी देवघरासमोरच्या पाटावर तलवार आणि ढाल मांडली जात असे. पुढे शेतकऱ्याने नांगराचा फाळ आणि विळा मांडला, सुताराने करवत आणि रंधा मांडला, लेखनिकाने दौत-लेखणी मांडली. ज्याच्या हाती जे साधन, त्यातच त्याने देवीचे अधिष्ठान पाहिले. आज एस.टी.च्या आगारात, रिक्षाच्या थांब्यावर, चाळीच्या अंगणात आणि सोसायटीच्या वाहनतळावर जे शस्त्र सर्वांत अधिक संख्येने पुजले जाते, ते म्हणजे वाहन होय. झेंडूच्या माळा, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि पुढे फोडलेला नारळ, हा सोहळा पाहताना मन प्रसन्न होते. वर्षभर ज्याने आपला भार वाहिला त्याच्यापुढे हात जोडण्यात कृतज्ञता आहे, आणि तिला भाबडेपणा म्हणून हिणवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

परंतु शस्त्र म्हणून ज्याची पूजा करावयाची, त्याचे शस्त्रपणही मान्य करावे लागते. शस्त्र जीव घेऊ शकते. पांडवांनी अज्ञातवासात जाताना आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली आणि योग्य वेळ येईपर्यंत त्यांना हात लावला नाही, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो आणि आपट्याची पाने वाटतो. शस्त्र हाती घेण्याचा जसा एक काळ असतो तसा ते खाली ठेवण्याचाही असतो, हा त्या कथेतील अर्थ मात्र मोटारीच्या किल्लीला हात घालताना आपल्याला आठवत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी सुमारे ४६२. महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांहून अधिक. हे सर्व मृत्यू मद्यामुळे झाले असे नाही. बहुतेकांपुढे अतिवेग हेच कारण नोंदलेले असते. परंतु मद्य, झोप किंवा नशा यांच्या अंमलाखाली चालवलेल्या वाहनाचे एक वेगळेपण आहे. ते धोकादायक झाले आहे हे अपघाताच्या आधी कोणाला तरी ठाऊक असते.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली आणि तेथे झोपलेल्या मजुरांपैकी सात जण प्राणास मुकले. चालकाने मद्यपान केले होते. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. त्या मोटारीत तो एकटा नव्हता. सोबत त्याची मित्रमंडळी होती. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता आणि तो त्याआधी मद्यालयात बसला होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्याही मोटारीत इतर माणसे होती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर दिलेल्या जामिनावरून सारा देश संतापला, आणि त्या संतापात एक साधा प्रश्न मागे पडला. दार उघडून शेजारच्या आसनावर बसताना त्या इतरांना काहीच का दिसले नाही? की दिसले, आणि बोलणे प्रशस्त वाटले नाही?

बोलणे प्रशस्त वाटत नाही, हेच खरे दुखणे आहे. आपल्याकडे चहाडी हे पाप मानले जाते, आणि तसे ते आहेही. शेजाऱ्याचे उणे पोलिसांच्या कानी घालणारा माणूस आपल्याला आवडत नाही. त्यातून तो आपल्याच घरचा असेल, तर त्याच्यासाठी भाषेने एक शब्दच राखून ठेवला आहे : घरभेदी. आणि या शब्दाबरोबर ज्याचे नाव हटकून घेतले जाते तो म्हणजे विभीषण. ज्या दिवशी रावणवधाचा आनंद आपण साजरा करतो, त्याच दिवशी त्या विजयाला साहाय्य करणाऱ्याचे नाव आपल्या तोंडी शिवीसारखे यावे, यात काहीतरी चुकते आहे असे आम्हांला वाटते.

रामायण नीट वाचले तर विभीषण थेट रामाकडे गेलेला नाही. प्रथम त्याने भर सभेत, सर्वांसमक्ष, थोरल्या भावाला सीता परत करण्याची विनवणी केली. त्याचे ऐकले गेले नाही. उलट अपमान झाला. त्यानंतरच तो चार सोबत्यांसह समुद्र ओलांडून गेला. तेथेही त्याचे स्वागत झाले नाही. शत्रूकडून आलेला माणूस म्हणून सुग्रीवाला त्याचा संशय आला. शरण आलेल्याला अभय देण्याचा निर्णय रामाने घेतला तेव्हा कोठे त्याला उभे राहायला जागा मिळाली. याच्या शेजारी कुंभकर्ण ठेवून पाहावा. रावणाचे चुकले हे कुंभकर्णालाही कळले होते आणि त्याने ते बोलूनही दाखवले होते. पण भाऊ म्हटल्यावर तो त्याच्याच बाजूने लढायला उतरला. त्याच्या या भ्रातृप्रेमाचे कौतुक कीर्तनातून होते, आम्हीही ते डोळे पुसत ऐकले आहे. तथापि त्या प्रेमाने रावण वाचला नाही, कुंभकर्ण वाचला नाही आणि लंकाही वाचली नाही. मद्य घेतलेल्या मित्राच्या शेजारी ‘काही होत नाही’ म्हणत बसणारा माणूस स्वतःला मित्राचा पाठीराखा समजतो. तो कुंभकर्णाच्या जागी बसलेला असतो. आणि शेवटी रावणाचे अंत्यसंस्कार कोणी केले? रामाच्या सांगण्यावरून, विभीषणाने.

विभीषणाचा हा क्रम आपल्या घरांना जसाच्या तसा लागू पडतो. घरातील लग्न, बारसे, पूजा आटोपल्यावर पुरुष मंडळींतील कोणी बाहेर जाऊन ‘थोडीशी’ घेऊन येतो आणि मुलाबाळांना गाडीत बसवू लागतो, हा प्रसंग कोणत्या कुटुंबात घडत नाही? देवभक्त घरांत तो घडत नाही असे म्हणणे सोपे आहे. आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा करणाऱ्या समाजाने त्याच दिवसाला गटारीचे रूप येऊ दिले, ते काही परक्यांनी येऊन केले नाही. अशा वेळी घरातील बाई बोलली तर पाहुण्यांपुढे शोभा होते, आणि न बोलली तर रात्रभर देवाचा धावा करते. आमचे म्हणणे असे की तेथे थोरल्या वहिनींनी किंवा मामांनी, सर्वांसमक्ष, शांतपणे म्हणावे : ‘‘भाऊजी, किल्ली इकडे द्या. आज येथेच मुक्काम करा.’’ ही झाली सभेतली विनवणी. दहापैकी नऊ वेळा तेवढ्याने भागते. माणूस रागावतो, अबोला धरतो, सकाळी चहा घेऊन निघून जातो.

‘थोडीशी’ या शब्दाविषयी एक सांगितले पाहिजे. कायद्याला तो शब्द ठाऊक नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मद्याखेरीज अन्य अमली पदार्थही यात येतात. त्याच कायद्याचे कलम १८८ फारसे कोणी वाचलेले नसते : अशा गुन्ह्यास जो प्रोत्साहन देतो त्यालाही तीच शिक्षा आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन गेले आणि गुन्हा घडला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलगा दहावीला पहिला आला म्हणून दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याला दुचाकी घेऊन देणाऱ्या वडिलांनी नारळ फोडण्यापूर्वी एवढे जरूर वाचावे.

दहावा माणूस ऐकत नाही. तो किल्ली हिसकावून निघतो. तेव्हा समुद्र ओलांडण्याची पाळी येते, म्हणजे ११२ हा क्रमांक फिरवावा लागतो. भावाचे, दिराचे, मुलाचे नाव पोलिसांना सांगताना हात थरथरतो, हे आम्हांला समजते. पण त्या फोनचा हेतू त्याला तुरुंगात धाडणे हा नसतो. रस्त्यात पुढे कोणी तरी चालत असते, त्याच्यापर्यंत ती मोटार पोहोचू नये आणि आतल्या माणसाचाही जीव राहावा, एवढाच असतो. दंड भरून माणूस घरी येतो.

अनोळखी वाहनाबाबत मनाची ओढाताण कमी, पण आळस अधिक. समोरची मालमोटार एका बाजूकडून दुसरीकडे झोकांड्या खात आहे, काळोखात दिवे न लावता गाडी चालली आहे, कोणी दुभाजकाच्या चुकीच्या अंगाने येत आहे, आपण पाहतो आणि हळूच बाजू काढून पुढे सटकतो. मागून येणाऱ्याचे मागून येणारा पाहील! वास्तविक करायचे फार थोडे असते. वाहनाचा क्रमांक, प्रकार आणि रंग, ते कोणत्या दिशेने निघाले आहे आणि नुकताच कोणता किलोमीटरचा दगड, टोलनाका किंवा गाव मागे पडले, एवढे ११२ वर सांगावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही क्रमांक आहे. फोन चालकाने नव्हे, शेजारच्याने करावा. एकटे असल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून करावा. पाठलाग करू नये, आपली गाडी आडवी घालू नये, उतरून भांडू नये. रामाची सेना गोळा करण्याचे काम विभीषणाचे नव्हते.

आणि ‘तो प्यालेला आहे’ असे म्हणण्याचीही गरज नाही. ते आपल्याला कसे कळणार? मधुमेहाने रक्तातील साखर एकाएकी उतरलेला माणूसही तसाच झोकांड्या खातो. छातीत कळ आलेलाही खातो. आपण जे पाहिले तेवढेच सांगावे, ठरवण्याचे काम श्वासमापक यंत्राचे. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून ही यंत्रे घेऊन रात्रीच्या नाकाबंदीची मोहीम चालवली आहे आणि तिचा धाक महानगरात जाणवतो. परंतु राज्यातील प्रत्येक वळणावर पोलीस उभा करता येत नाही. शिवाय मद्याचा अंश तासागणिक रक्तातून उतरत जातो. वेळीच कळवले तरच पुरावा सापडतो.

मालमोटारीच्या चालकाविषयी मात्र आमच्या मनात वेगळी भावना आहे. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली. ढाब्यावर बाजेवर तासभर डोळा लागतो न लागतो तोच मालकाच्या फोनने उठणाऱ्या त्या माणसाला ही मर्यादा कोणी सांगितलेली नसते. त्याला थांबवणे हा त्याच्यावर उपकारच. परंतु जाब विचारायचा तो मालकाला, आणि पोलीस तो विचारतात असा अनुभव विरळा.

आता लोकांच्या भीतीविषयी. नाव-पत्ता लिहून घेतील, जबाबाला बोलावतील, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, असे सांगून कित्येक जण गप्प राहतात. ही भीती निराधार नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ मध्ये कलम १३४अ कायद्यात आले. पण ते संरक्षण अपघातानंतर धावून येणाऱ्याला आहे. अपघात घडण्यापूर्वी कळवणाऱ्यालाही तसेच स्पष्ट अभय मिळाले पाहिजे, अशी आमची सरकारकडे मागणी आहे. सुग्रीवाची शंका घेऊन बसलेल्या पोलीस ठाण्यात कोणी दुसऱ्यांदा फोन करणार नाही. जुने वैर काढण्यासाठी खोटी खबर देणारेही निघतील. त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे आणि तो कठोरपणे वापरावा.

दसऱ्याच्या पाचव्या दिवशी कोजागिरी. त्या सुमारास तुळजापूरच्या वाटांवर हजारो भाविक अनवाणी चालत असतात, बायका, म्हातारीकोतारी, खांद्यावर पोर घेतलेले बाप, आणि बहुतेक चाल रात्रीची. त्यानंतर थोड्याच दिवसांत कार्तिकीच्या दिंड्या निघतात. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोल्याजवळ जुनोनी येथे कोल्हापूर जिल्ह्यातून पंढरीस निघालेल्या अशाच एका दिंडीत मोटार शिरली आणि सात वारकरी जागीच गेले. त्या अपघातामागे मद्य होते असे आम्ही म्हणत नाही. रस्त्याच्या कडेने टाळ वाजवीत चालणाऱ्या माणसाच्या हाती स्वतःच्या रक्षणासाठी काहीही नसते, एवढेच म्हणतो. त्याच्या मागून येणारे वाहन ज्यांना दिसते, तेच त्याच्यासाठी काही करू शकतात. यंदा आपल्या गल्लीतून तुळजापूरला टेम्पो निघत असेल, तर वर्गणी गोळा करतानाच चालकाला विचारून ठेवावे की आदल्या रात्री झोप झाली आहे काय. आणि ११२ कोण लावणार, तेही बसण्यापूर्वीच ठरवून टाकावे.