लढवाव्या लागणाऱ्या घटस्फोटात वकील वेळेवर मिळाला पाहिजे



घटस्फोट वाढले, हल्लीच्या मुलींना तडजोड नको असते, अशा आशयाची पत्रे या सदरात अधूनमधून वाचायला मिळतात. लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत एक सकाळ काढली आहे, असे विचारावेसे वाटते. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची गोष्ट वेगळी. एकाला हवा नि दुसऱ्याला नको, किंवा दोघांनाही हवा पण पोटगी, मुलांचा ताबा आणि दागिने यांवर एकमत नाही, असा दावा मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतो. त्यात खरे कोणाचे, हे ठरण्याआधीच कोणाला शेवटपर्यंत वकील परवडला यावर बरेच काही ठरून जाते. कायद्यात याला उपाय आहे, तो वेळेवर पोहोचत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

माझ्या भाचीवर नवऱ्याने क्रूरतेचे कारण दाखवून दावा लावला. समन्स माहेरी आले तेव्हा पदरात चार वर्षांची मुलगी होती आणि स्वतःची कमाई म्हणाल तर शिवणकामाची. ओळखीतून एक वकील गाठले. वकालतनाम्यावर सही करताना एक रक्कम ठरली, पुढे प्रत्येक तारखेचे वेगळे पैसे सुरू झाले. पावती कशाचीच नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज दिला, तर समोरची बाजू म्हणणे देण्यासाठी मुदतीवर मुदत मागत राहिली. पोटगी नाही म्हणून वकिलांना द्यायला पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून वकील तारखेला गैरहजर, आणि वकील गैरहजर म्हणून पोटगीच्या अर्जाला पुन्हा पुढची तारीख.

ती पुरती थकली, तेव्हा तडजोडीचा कागद पुढे आला. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिने तो वाचला. पहिल्या दोन पानांवर मुलीला भेटण्याचे वार, शाळेची फी वगैरे नीट लिहिलेले. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होते: मागील, चालू व भविष्यातील पोटगीचा हक्क जाबदार स्वखुशीने सोडून देत आहे आणि तिचे सर्व स्त्रीधन तिला मिळालेले आहे. दागिन्यांतला एक मणीही तिला मिळाला नव्हता. ‘सही करून टाका, सुटाल,’ एवढाच सल्ला तिला मिळाला. तिने सही केली नाही, हे तिचे धैर्य. पण सगळ्यांकडे इतके बळ उरलेले नसते, आणि न्याय मिळणे अशा बळावर अवलंबून राहू नये.

वास्तविक कायद्याने अशा वेळेचा विचार केलेला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ज्या जोडीदाराकडे पुरेसे उत्पन्न नाही त्याला, मग तो नवरा असो वा बायको, दावा चालू असतानाच पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. हा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे त्याच कलमात आहे. कलम २१-ब तर म्हणते की सुनावणी होईल तितकी रोजच्या रोज चालवावी आणि सहा महिन्यांत दावा संपवण्याचा प्रयत्न करावा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले की, पोटगीच्या अर्जासोबत दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर द्यावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर व्हावी. म्हणजे मुदती मागून पोटगी बुडवण्याची वाट कागदावर तरी बंद झाली. पण हे शपथपत्र समोरच्याने दिले का, त्यात शेती आणि दुकान दाखवले का, हे बघायला जाणता माणूस लागतो. शिवणकाम करणाऱ्या मुलीने ते एकटीने कसे करायचे?

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. भांडण वकिली डावपेचांबाहेर राहावे हा त्यामागचा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात परवानगीचा अर्ज दिला जातो आणि वकील उभे राहतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो तेवढा एकटा पडतो.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. तिचे किंवा माहेरचे उत्पन्न किती, हा प्रश्नच येत नाही. पुरुषांना सहसा उत्पन्नाची मर्यादा आहे, पण गरीब नवऱ्यालाही हा दरवाजा उघडा आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. यातले एक अक्षरही माझ्या भाचीला समन्सने, पोलीस ठाण्याने किंवा तिच्या पहिल्या वकिलांनी सांगितले नाही. सांगितले ते अंगणवाडीतल्या एका बाईंनी, तेही हातातल्या बांगड्या विकून झाल्यावर.

विधी सेवा समितीकडून नवा वकील मिळाला तर जुन्यांनी ‘आधी बाकी फी द्या, मग कागद न्या’ म्हणून फाइल अडवली. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी ठरवून घेणेही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तरीही दोन्ही गोष्टी सर्रास कानावर येतात. वकील संघटनांनी यावर बोलायला हवे, कारण प्रामाणिकपणे काम करणाऱ्या वकिलांची बदनामी त्यातूनच होते.

‘फुकटचा वकील मन लावत नाही’ असे लोक म्हणतात. आमचा अनुभव उलट होता. समितीने दिलेल्या तरुण वकिलांनी अख्खी फाइल वाचली, शपथपत्रातली गाळलेली जमीन दाखवून दिली आणि अंतरिम पोटगीचा हुकूम झाला. पण असा वकील मिळणे नशिबावर सोडता येणार नाही. पॅनेलवरच्या वकिलाला पक्षकाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे, ती असायलाच हवी. मात्र त्याला मिळणारे मानधन तुटपुंजे आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या, उलटतपासणीने भरलेल्या दाव्याला त्यात न्याय देणे अवघड आहे. फौजदारी प्रकरणांतल्या आरोपींसाठी २०२२ पासून पूर्णवेळ, ठरावीक मानधनावरचे बचाव वकील नेमण्याची योजना आली, ती योग्यच आहे. तशीच योजना कौटुंबिक दाव्यांसाठी का नको? प्रत्येक कौटुंबिक न्यायालयात असे वकील बसवा, आणि घटस्फोटाच्या प्रत्येक समन्ससोबत मोफत वकील कुठे मिळेल हे सांगणारे मराठीतले एक पान जोडा. या दुसऱ्या कामाला तर खर्चही फारसा नाही.

वकील सहज मिळू लागले तर संसार आणखी मोडतील, ही भीती मला पटत नाही. ज्या बाईला आपला हक्क माहीत असतो तीच डोळे उघडे ठेवून समझोत्याला बसू शकते. तिसऱ्या पानावरचे वाक्य लपवून केलेली तडजोड टिकत नाही, तिचे पुढे दुसरे दावे होतात.

राज्य विधी सेवा प्राधिकरणाने आणि सरकारने या दोन मागण्यांचा विचार करावा. वाचकांनाही विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारात अशी मुलगी असेल तर तिला संयमाचा उपदेश करण्याआधी तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीच्या कार्यालयापर्यंत तिच्यासोबत जा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. समन्स आणि असतील ते कागद बरोबर न्या. लिहिता येत नसेल तरी अडत नाही, तोंडी सांगितलेले तिथे लिहून घेतले जाते.

एक वाचक, कराड