कोलेस्टेरॉल 'नॉर्मल', मग धोका टळला का?

रक्तातील कोलेस्टेरॉलचा आकडा मर्यादेत आला की हृदय सुरक्षित, हा समज आता शहरांपुरता राहिलेला नाही. तपासणीचा कागद हाती घेऊन 'सगळे नॉर्मल आहे' असे समाधान मानणारी माणसे पुण्या-मुंबईत जशी आढळतात, तशी ती तालुक्याच्या गावीही आढळतात. या समजाला धक्का देणारी शिफारस 'अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी' या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये केली. केवळ कोलेस्टेरॉल मोजून थांबू नये, तर शरीरातील सुप्त दाह दाखविणारी 'हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी' ही रक्तचाचणीही सरसकट करावी, असे या संघटनेचे म्हणणे आहे.

शिफारस अमेरिकेतील असली, तरी तिचे पडसाद आपल्याकडे उमटणे अपरिहार्य आहे. आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये एका चाचणीची भर पडते आणि रुग्णाच्या हाती आणखी एक आकडा येतो. हा आकडा नेमका काय सांगतो आणि जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगरसारख्या ठिकाणी त्याचे मोल किती, याचा विचार मात्र फारसा होत नाही. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या या गावात कारखान्याचे कामगार, ऊस बागायतदार आणि हंगामात येणारे ऊसतोड मजूर असे तिन्ही थर एकत्र दिसतात. वैद्यकातील नव्या शिफारशीची खरी कसोटी महानगरातील पंचतारांकित रुग्णालयापेक्षा अशा गावातच लागते.

कोलेस्टेरॉलची बाजू

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दाहाची चर्चा सुरू झाली म्हणून कोलेस्टेरॉल निर्दोष ठरत नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासाने कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगासमोर आणला. त्यानंतर १९९४ मध्ये स्कॅन्डिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिमव्हास्टॅटिन या औषधाने कोलेस्टेरॉल कमी केल्यास मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटते, हे त्यातून सिद्ध झाले. एलडीएल, म्हणजे बोलीभाषेतील 'वाईट कोलेस्टेरॉल', हे हृदयविकाराचे एक कारण आहे, याबद्दल त्यानंतर शंकेला जागा उरलेली नाही.

प्रश्न आहे तो 'नॉर्मल' या शब्दाचा. अमेरिकेतील २७,९३९ स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांपैकी ४६ टक्के स्त्रियांचे एलडीएल १३० मिलिग्रॅमपेक्षा कमी होते. म्हणजे ज्या पातळीवर डॉक्टरांनाही फारशी चिंता वाटत नसे, त्या पातळीवरही जवळपास निम्मे आघात होत होते.

'कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया'ने २०२४ मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांचे महत्त्व येथे आहे. या तत्त्वांनुसार एलडीएलची सर्वांसाठी एकच मर्यादा नाही. कमी किंवा मध्यम धोका असलेल्यांनी ते १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबामुळे धोका अधिक असलेल्यांनी ७० च्या आत आणि पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी ५५ च्या आत. अहवालाच्या कागदावर छापलेली 'नॉर्मल'ची चौकट माणूस पाहून बदलत नाही. धोका मात्र माणसागणिक बदलतो.

दाह म्हणजे काय?

रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचणारे किटण, ही उपमा लोकप्रिय असली तरी अपुरी आहे. एलडीएलचे कण धमनीच्या आतील अस्तरात शिरतात आणि तेथे त्यांच्यात रासायनिक बदल होतात. शरीर त्यांना परके समजते आणि त्यांचा समाचार घेण्यासाठी पांढऱ्या पेशी धावून येतात. त्या मेद गिळून फुगतात, अस्तराखाली साठतात आणि दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सोडत राहतात. या साठ्यावर एक तंतुमय आवरण तयार होते. दाह धुमसत राहिला की हे आवरण झिजते आणि एखाद्या दिवशी फुटते. त्यावर रक्ताची गुठळी जमते, धमनी बंद होते आणि झटका येतो. म्हणूनच आदल्या दिवसापर्यंत छातीत कधीही न दुखलेला माणूस एकाएकी कोसळतो.

हा धुमसता दाह रक्तात मोजता येतो. 'इंटरल्युकिन-६' या संदेशवाहक द्रव्याचा इशारा मिळताच यकृत 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन' म्हणजे सीआरपी तयार करते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० मध्ये त्याचा शोध लागला. कोरोनाच्या साथीत हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोहोचला. पण तेव्हा मोजला जात होता तो तीव्र संसर्गातील दाह. हृदयविकारासाठी त्याच प्रथिनाची अत्यल्प पातळी अधिक संवेदनशील पद्धतीने मोजली जाते. दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ पेक्षा अधिक असल्यास जास्त, अशी विभागणी अमेरिकी तज्ज्ञांनी २००३ मध्ये केली.

अमेरिकी संशोधक पॉल रिडकर यांनी १९९७ पासून या निदर्शकाचा पाठपुरावा केला आहे. वर उल्लेखिलेल्या स्त्रियांची ३० वर्षांची माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत कमी पातळीच्या स्त्रियांशी तुलना करता, सीआरपी सर्वाधिक असलेल्यांचा धोका ७० टक्क्यांनी, तर एलडीएल सर्वाधिक असलेल्यांचा ३६ टक्क्यांनी जास्त आढळला. नव्या शिफारशीमागील बळ अशा अभ्यासांचे आहे.

साक्षीदार की गुन्हेगार?

येथे सावधगिरीची गरज आहे. धूर दिसला म्हणजे आग आहे हे कळते. पण धूर पुसून आग विझत नाही. ज्यांच्या रक्तात जनुकीय रचनेमुळेच सीआरपी जन्मतः अधिक असते, त्यांना हृदयविकार अधिक होत नाही, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसून आले. याउलट, इंटरल्युकिन-६ चा संदेश जनुकीय कारणाने क्षीण असलेल्यांना हृदयविकार कमी होतो, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. दाहाची साखळी खरी आहे. सीआरपी हा तिचा केवळ साक्षीदार आहे.

औषधांच्या चाचण्यांनीही संमिश्र कौल दिला. २००८ च्या 'ज्युपिटर' चाचणीत एलडीएल १३० पेक्षा कमी, पण सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या १७,८०२ व्यक्तींचा समावेश होता. रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात आदी आघात ४४ टक्क्यांनी घटले. परंतु कमी सीआरपी असलेल्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते आणि औषधाने एलडीएलही निम्म्यावर आणले होते. त्यामुळे लाभाचे श्रेय दाह कमी होण्याला द्यायचे की कोलेस्टेरॉल कमी होण्याला, हा वाद मिटला नाही. ब्रिटनमधील २०,५३६ रुग्णांच्या विश्लेषणात तर स्टॅटिनचा लाभ सीआरपी कमी असलेल्यांनाही त्याच प्रमाणात झाल्याचे २०११ मध्ये आढळले.

खरी परीक्षा २०१७ मध्ये झाली. 'कॅन्टॉस' या चाचणीत १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन वापरण्यात आले. त्याने कोलेस्टेरॉल न घटता दाह घटला आणि हृदयविकारासह प्रमुख आघातही १५ टक्क्यांनी कमी झाले. दाह हे स्वतंत्र कारण आहे, याचा हा पहिला भक्कम पुरावा ठरला. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू घटले नाहीत. त्यानंतर संधिवातावरील मेथोट्रेक्सेट निष्प्रभ ठरले. गाउटवरील कोल्चिसिन या जुन्या औषधाने २०१९ आणि २०२० मधील चाचण्यांत आशा दाखविली आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला हृदयविकारासाठी मान्यताही मिळाली. परंतु २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांवरील चाचणीत झटक्यानंतर दिलेल्या या औषधाचा लाभ आढळला नाही. मूत्रपिंड अधू असलेल्यांना ते घातकही ठरू शकते. अहवालात सीआरपी वाढलेले दिसले म्हणून दुकानातून स्वतःच औषध घेण्याचा मोह टाळलाच पाहिजे, तो यासाठी.

पुण्याचा धडा

भारतीयांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासानुसार दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत हे वय सुमारे ५९ आहे. कमावत्या माणसाच्या आयुष्यातील ही सहा वर्षे कुटुंबाच्या दृष्टीने लहान नाहीत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ, पण आतून चरबीयुक्त, अशी ही भारतीय देहयष्टी. पोटातील चरबी इंटरल्युकिन-६ स्रवते, म्हणजेच दाहाला खतपाणी घालते. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची तुलना करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. खेड्यातील पुरुषांच्या तुलनेत शहरी मध्यमवर्गीयांत चरबी, रक्तातील साखर आणि सीआरपी वाढलेली होती. खेड्यातून शहरात किंवा शेतातून खुर्चीत होणारे स्थलांतर रक्तातही उतरते, असा त्याचा अर्थ आहे. त्यासाठी गाव सोडण्याचीही गरज नाही. जायकवाडीच्या कालव्याने बागायत झालेल्या पट्ट्यात पायांची जागा मोटारसायकलने घेतली, की हे स्थलांतर जागच्या जागी घडते.

अंकुशनगरचे गणित

अंकुशनगरच्या संदर्भात नव्या चाचणीच्या मर्यादा ठळकपणे जाणवतात. सीआरपी हृदयाचा दाह आणि हिरड्यांचा दाह यांत भेद करीत नाही. ताप, पायाची चिघळलेली जखम, किडलेला दात यांपैकी कशानेही ते वाढते. उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या मजुराच्या अंगावर अशा जखमा नित्याच्याच. म्हणून आजारपणात ही चाचणी करू नये आणि आकडा १० पेक्षा जास्त आल्यास काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी, असा संकेत आहे. अमेरिकी स्त्रियांच्या ज्या अभ्यासावर शिफारशीची भिस्त आहे, त्यातील बहुसंख्य स्त्रिया गौरवर्णीय होत्या. मराठवाड्यातील मजुराला ते कोष्टक जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय काही प्रयोगशाळा आकडा लिटरमध्ये, तर काही डेसिलिटरमध्ये देतात. ३ आणि ०.३ हे एकाच पातळीचे दोन आकडे असू शकतात, हे रुग्णाला कोणी सांगत नाही.

दुसरीकडे, ज्यासाठी रक्ताचा थेंबही लागत नाही, अशा गोष्टी दुर्लक्षित राहतात. राज्यात २०१६-१७ च्या पाहणीनुसार २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते आणि त्यांतील बहुतेक धूररहित तंबाखू खाणारे होते. तंबाखू चघळल्याने हृदयविकाराचा धोका दुपटीहून अधिक वाढतो, हे 'इंटरहार्ट'नेच दाखवून दिले आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तंबाखूची पुडी मात्र सहज मिळते. सरकारच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे अपेक्षित आहे. कोलेस्टेरॉलचा या प्राथमिक तपासणीत समावेश नाही. जेथे लिपिड प्रोफाइलच सरसकट होत नाही, तेथे सीआरपीच्या सार्वत्रिक तपासणीची भाषा करणे म्हणजे पाया न भरता कळस चढविण्यासारखे आहे.

यावर मार्ग नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुधारित केलेल्या तक्त्यांपैकी एक तक्ता प्रयोगशाळेशिवाय वापरता येतो. वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब आणि बॉडी मास इंडेक्स एवढ्यावर पुढील १० वर्षांतील धोक्याचा अंदाज बांधता येतो. तंबाखू चघळण्याची सवय त्यात धरलेली नाही, ती विचारून नोंदवावी लागेल. गळीत हंगाम सुरू होताना कारखान्याच्या आवारात वजनकाटा, उंचीची पट्टी आणि रक्तदाबमापक एवढ्या सामग्रीवर हे काम होऊ शकते. धोका अधिक दिसेल त्यांचेच लिपिड प्रोफाइल करावे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन हे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषध आहे. ते नियमित मिळण्याची सोय केल्यास अनेक झटके टळू शकतील.

मग सीआरपीची जागा कोठे? ज्याचा धोका मध्यम आहे, औषध सुरू करावे की नाही याबद्दल डॉक्टर द्विधा मनःस्थितीत आहेत, अशा व्यक्तीसाठी हा आकडा तराजूचे पारडे झुकवू शकतो. स्टॅटिन घेऊन एलडीएल उतरलेल्या रुग्णात उरलेला धोकाही तो दाखवू शकतो. ३१,२४५ रुग्णांच्या २०२३ मधील विश्लेषणात अशा रुग्णांचे भवितव्य उरलेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा उरलेल्या दाहावरून अधिक अचूक कळल्याचे दिसले. शहरातील वाचकाने आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा.

दाह कमी करण्याचे उपाय मात्र जुनेच आहेत. तंबाखू सोडणे, पोटाचा घेर घटविणे, रोज चालणे, दातांची निगा आणि साखरेवर नियंत्रण यांनी सीआरपी आणि धोका दोन्ही घटण्यास मदत होते. कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' आहे, एवढ्यावर निर्धास्त राहणे जितके चुकीचे, तितकेच एका नव्या आकड्याने हादरून जाणेही चुकीचे. रक्तदाब न मोजता आणि तंबाखूची पुडी खिशात ठेवून केलेली महागडी तपासणी हृदयाचे रक्षण करीत नाही, मग ती पुण्यात केलेली असो वा अंकुशनगरात.